हॉलसारखा रंग

दाजींना पहिल्यांदा दाजी म्हणाला तो त्यांचा मेहुणा. तो त्यांच्याच हाताखाली लाकडी जमिनी घासायचं मशीन चालवायचा. दिवसभर "दाजी, हे धरा", "दाजी, इकडे बघा" चालू असायचं, त्यामुळे गिऱ्हाइकंही तेच म्हणायला लागली. पुढे दुकानदार म्हणू लागले, इमारतींचे वॉचमन म्हणू लागले, आणि दाजी मोतीबिंदू काढून घ्यायला गेले तेव्हा डोळ्यांचे डॉक्टरसुद्धा "दाजी, वर बघा" म्हणाले.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. डाव्याचं काही महिन्यांनी करू म्हणाले. "आता सगळं जरा उजळ दिसेल, वेगळं वाटेल," असंही त्यांनी सांगितलं होतं. पण दाजींना तेव्हा एकच काळजी होती, की गुडघ्यावर बसून काम करायची परवानगी कधी मिळणार. बाकीचं या कानातून गेलं आणि त्या कानातून बाहेर आलं.

परवानगी मिळाल्यावरचं पहिलं काम दोन बहिणींच्या घरातलं होतं. थोरल्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, धाकट्या बाई घरी गाणं शिकवायच्या. दोघींनी लग्न केलं नव्हतं आणि वडिलांनी बांधलेल्या घरातच दोघी राहिल्या होत्या. गेल्या वर्षी धाकट्या बाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या चाकांचा वॉकर ढकलत चालायच्या, आणि वॉकर प्रत्येक उंबऱ्याला अडायचा. म्हणून थोरल्या बाईंनी सुताराला बोलावून हॉल आणि दोन खोल्यांमधले उंबरे काढून टाकले होते. सुताराने त्या जागी जुन्याच फळ्या बसवल्या होत्या. उंबरे होते तोवर हॉल हॉलच्या जागी होता आणि खोली खोलीच्या. ते निघाल्यावर सगळी मिळून एकच जमीन झाली, आणि ती एक दिसेना. हॉलला जुनं पॉलिश होतं, खोल्यांमध्ये कित्येक वर्षं गालिचा चिकटवलेला होता. तो उपटल्यावर खाली वाळलेला डिंक, खिळ्यांची भोकं आणि मळका, रंग उडालेला सागवान निघाला.

"हॉलला हात लावायचा नाही," थोरल्या बाईंनी सांगितलं. "तिथली पुस्तकांची कपाटं हलवायची ताकद कुणात नाही. खोल्या हॉलसारख्या करून द्या. हॉलसारखा रंग. बास."

"त्यात काय," दाजी म्हणाले.

आणि खरंच त्यात काही नव्हतं. लाकूड एकच, घरही एकच, आणि जुन्या पॉलिशशी मेळ घालण्यात दाजींचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. मेहुण्याने खोल्या घासून काढल्या. भुशाच्या वासाने घर भरून गेलं. जमीन पोळपाटासारखी गोरी आणि गुळगुळीत झाली. दाजींनी उरलेल्या फळ्यांचे वीतभर तुकडे कापले, लाकडाला रंग देणारे दोन-तीन स्टेन कमी-जास्त मिसळून एकेका तुकड्याला लावले, वरून लॅकरचा पारदर्शक हात दिला, आणि वाळल्यावर ते हॉलच्या जमिनीवर मांडले. मग गुडघे टेकले, गाल जवळजवळ जमिनीला लावला, आणि नेहमीच्या सवयीने उजवा डोळा मिटून, नेम धरल्यासारखं बघितलं. मधला तुकडा हॉलच्या फळीवर असा बसला की त्याची कडसुद्धा दिसेना.

"हा," ते म्हणाले. मेहुण्याने मान हलवली. दाजींनी हो म्हटल्यावर त्याने कधी पुन्हा बघितलं नव्हतं.

त्या दिवशी धाकट्या बाईंच्या खोलीच्या दारापासच्या चार-पाच फळ्यांना दाजींनी तो रंग देऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, दारात उभे राहिले, आणि पिशवी हातातच राहिली. त्या फळ्या लाल दिसत होत्या. रक्तासारख्या नव्हे, पण विटेकडे झुकणाऱ्या. शेजारी हॉल मात्र आपला जिथल्या तिथे.

"रात्री काय केलंस रे यांना?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"मी? मी घरी होतो."

दाजी खाली बसले, गाल टेकवला, बघितलं. मेळ बसलेला. उठून उभे राहिले, तर पुन्हा विटकरी. पुन्हा बसले. मेहुणा मशीनची भुशाची पिशवी झटकता झटकता थांबून बघत राहिला.

"गुडघे मोकळे करताय का?" त्याने विचारलं.

दाजींनी आधी दोष उजेडाला दिला. खिडकीवर चादर लावून पाहिली, मग काढून पाहिली, मग दिवे लावून पाहिले. मग लाकडाला दिला. ही फळी खोडाच्या बाहेरच्या बाजूची असेल, स्टेन जास्त प्यायली असेल. मग स्टेनचा डबा उचलून ते थेट दुकानात गेले.

दुकानदार त्यांना ओळखून होता. त्याने डब्यावरचा नंबर वाचला, कपाटातला दुसरा डबा काढला, दोन्ही उघडून काडीने कागदावर ओढून दाखवले. "दाजी, सारखेच आहेत."

"सारखे नाहीत. हा लाल मारतोय."

"दोन्ही मारतायत. हा रंग पहिल्यापासून असाच आहे. तुम्हीच तर कायम नेता."

दाजी डबा घेऊन परत आले. वाटेत त्यांना नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आठवली, आणि ती आपल्यालाच लागू पडतेय की काय असं वाटून ते जास्तच चिडले.

उलगडा झाला तो दुपारी, आणि तोही भुशामुळे. डाव्या डोळ्यात कण गेला. त्यांनी रुमाल गच्च दाबून धरला आणि पाणी मागायला म्हणून हॉलमध्ये आले. आणि हॉल हॉल राहिलाच नव्हता. काल दुपारपर्यंत तो मधाच्या रंगाची एक सलग जमीन होता. आता त्यात खिडकीजवळ एक पांढुरका पट्टा होता. कपाटाच्या पायांशी जवळजवळ काळसर कडा होत्या. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत माणसांच्या चालण्याची राखाडी वाट गेली होती. काही फळ्या पिवळट होत्या, काही तपकिरी, आणि दोन शेजारशेजारच्या फळ्या तर एकमेकींच्या लांबच्या नात्यातल्यासुद्धा वाटत नव्हत्या.

दाजींनी रुमाल काढून उजव्या डोळ्यावर धरला. मध. डाव्यावर धरला. गोधडी. पुन्हा मध. मोतीबिंदू असलेल्या डाव्याला मध, ऑपरेशन झालेल्या उजव्याला गोधडी.

"डोळ्यात काही गेलं का?" धाकट्या बाईंनी खोलीतून विचारलं.

"गेलं होतं. निघालं," दाजी म्हणाले, आणि पाणी न मागताच परत गेले.

संध्याकाळी घरी ते खुर्चीत बसून एक डोळा झाकत, दुसरा उघडत, घरभर बघत राहिले. बायको नुकतीच कामावरून आली होती. ती दोरे-बटणांच्या दुकानात होती, कापडाला जुळणारा दोरा शोधून देण्याचं काम तिच्याकडे. तिने थोडा वेळ बघून घेतलं.

"डोळा दुखतोय का?"

"नाही."

"मग या वयात डोळा का मारताय?"

दाजी हसले नाहीत. "ही भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"पांढरी."

"बदामी नाही?"

"तुम्ही लावलीत तेव्हा बदामी बदामी म्हणत होतात. डबा पांढऱ्याचा होता. मी म्हटलं, जाऊ दे, रंग तर लागतोय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, रंगातलं मला नको शिकवू."

दाजींना हे आठवलं. आणखीही बरंच आठवलं. तिने राखाडी म्हटलेल्या कोटाला तपकिरी दोरा लावायचा हट्ट त्यांनीच धरला होता. कोट त्यांनी कपाटातून काढून दिव्याखाली धरला आणि एकेका डोळ्याने पाहिला. मग परत टांगला. बायकोला सगळं सांगायला हवं होतं, पण तोंडाशी आलेली गोष्ट त्यांनी गिळली. रंग ओळखणं हाच ज्याचा धंदा, त्याने कोणत्या तोंडाने म्हणावं की मला रंग कळत नाही? शिवाय नक्की काय कळत नाही, हेही कळत नव्हतं. जुना डोळा चुकीचा म्हणावा, तर त्याच डोळ्याने गेली काही वर्षं कामं केली होती आणि लोक खूश होते. नवा डोळा बरोबर म्हणावा, तर त्याला एकही गोष्ट दुसरीसारखी दिसत नव्हती.

लोक खूश होते, हे तरी खरं का, अशी आता शंका आली. दोन वर्षांपूर्वी एका वकिलांच्या घरचा जिना त्यांनी जुन्या कठड्याशी जुळवून दिला होता. काम संपल्यावर वकील म्हणाले होते, जरा लालसर वाटतोय. दाजींनी "वाळला की बसेल" म्हणून विषय मिटवला होता. दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता ते त्या घरी गेले. पॉलिश कसं टिकलंय ते बघायला आलो, म्हणाले. वकिलांच्या बायकोने आत घेतलं. दाजींनी डावा डोळा चोळत असल्यासारखं केलं आणि जिना बघितला. कठडा तपकिरी होता आणि पायऱ्या चांगल्या तांबड्या होत्या. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"वहिनी, खरं सांगा. जुळलाय का?"

"कठड्याशी? छे," त्या सहज म्हणाल्या. "पण आम्हाला आवडतो. पाहुणे विचारतात, मुद्दाम केलात का. हे म्हणतात, हो, मुद्दाम."

चूक झाली होती, आणि चुकीचं कौतुक होत होतं. चहाला नको म्हणून ते तिथून निघाले, आणि आदल्या दिवशीपेक्षा जास्त गोंधळून बहिणींच्या घरी पोचले.

तिथे त्यांनी ताकास तूर लागू न देता थोरल्या बाईंनाच विचारलं. "बाई, हॉलचा रंग म्हणजे नेमका कुठला धरू?"

"म्हणजे?"

"म्हणजे जागा दाखवा. बोट ठेवा."

थोरल्या बाईंना प्रश्नच विचित्र वाटला, पण त्यांनी हॉलच्या मध्यावर बोट दाखवलं. धाकट्या बाई वॉकर ढकलत आल्या आणि म्हणाल्या, "तो नाही गं ताई. तो तर पाय घासून घासून मळलेला आहे. खरा रंग खिडकीपाशी."

"खिडकीपाशी उन्हाने उडालाय."

"मग कपाटाखाली बघा. तिथे कुणाचे पाय लागले नाहीत की ऊन नाही."

दाजी आणि थोरल्या बाईंनी वाकून कपाटाखाली पाहिलं. तिथला रंग इतका गडद होता की दुसऱ्याच कुठल्या घरातला वाटत होता. "म्हणजे बाबांनी केला तेव्हा सगळा असा होता?" थोरल्या बाई म्हणाल्या. "मला तर उजळ आठवतो."

"मलाही उजळच आठवतो," धाकट्या बाई म्हणाल्या.

"वार्निश वर्षानुवर्षं पिवळं, गडद होत जातं," दाजी म्हणाले. "कपाटाखालचाही तेव्हाचा नाही. तेव्हाचा कुठेच उरलेला नाही."

दोघी बहिणी आपल्याच हॉलमध्ये पाहुण्यांसारख्या उभ्या राहिल्या. इथेच त्या रांगल्या होत्या, इथेच बसून परीक्षांचा अभ्यास केला होता, आणि जमीन कुठल्या रंगाची हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं. शेवटी थोरल्या बाईंनी अधिकाऱ्याच्या आवाजात निकाल दिला. "हे बघा, तुम्हाला जो दिसतो तो करा."

दाजींना नेमका तोच नको होता.

खोलीत येऊन ते उलट्या बादलीवर बसले आणि मेहुण्याला मशीन बंद करायला सांगितलं. मग सगळं सांगून टाकलं. मेहुण्याने कानातले बोळे काढून पहिल्यापासून पुन्हा ऐकलं.

"म्हणजे तुम्हाला दोन हॉल दिसतात?"

"एका डोळ्याला एक दिसतो. दुसऱ्याला पुष्कळ."

"आणि दोन्ही उघडे ठेवले की?"

"तेच तर. कधी हा जिंकतो, कधी तो."

मेहुण्याने स्वतःचा एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा. त्याला काही फरक दिसला नाही, आणि त्यामुळे तो थोडा ओशाळला. "अक्काला विचारलंत?"

"तिला काय विचारायचंय? ती दोरे विकते."

"दाजी," मेहुणा म्हणाला. ते त्याने एवढं लांबवलं की दाजींना आपणच काय बोललो ते ऐकू आलं.

मंगळवारी बायकोच्या दुकानाला सुट्टी असायची. त्या दिवशी ती आली. इतक्या वर्षांत दाजींच्या कामाच्या जागी ती कधीच आली नव्हती, त्यांनीच कधी बोलावलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी तिला डोळ्यांचं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "म्हणून भिंत बदामी." मग ती बराच वेळ हसत होती. मध्येच थांबून तिने "घाबरला होतात का?" असं विचारलं. दाजी हो म्हणाले.

बहिणींच्या घरी तिने आधी धाकट्या बाईंच्या तब्येतीची चौकशी केली, मग पदर खोचला आणि दिवे बंद करायला सांगितले. दाजींचे सगळे तुकडे उचलून ती दारात, उजेडाच्या वाटेत उभी राहिली. एकेक तिरपा करून पाहिला. तीन-चार बाजूला काढले. हॉलकडे मात्र तिने बघितल्यासारखंही केलं नाही. ती थेट तिथे बसली जिथे पूर्वी उंबरा होता आणि आता हॉलची फळी संपून खोलीची सुरू होत होती.

"तुम्ही अख्ख्या हॉलशी कशाला भांडताय?" ती म्हणाली. "दोरा कधी कापडासारखा नसतोच. कापडात दहा रंग असतात, दोऱ्यात एक. आम्ही शिवण जिथे पडणार तिथे तो धरून बघतो. शिवल्यावर दिसला नाही, की झालं."

"इथे शिवण ही," दाजी म्हणाले.

"मग इथे जुळवा. खिडकीजवळची फळी आणि खोलीतला पलंग एका नजरेत कुणाला दिसणार आहे?"

"पण इथल्याही फळ्या एकमेकींसारख्या नाहीत," दाजी हट्टाने म्हणाले. "ही पिवळी, ही करडी, ही..."

"मग तुमच्याही नका करू. मी म्हणते सगळ्या एका साच्यातल्या केल्यात तर त्याच वेगळ्या दिसतील."

थोरल्या बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. "माझा निळा ब्लाउज आहे," त्या मध्येच म्हणाल्या, "त्याला कुणी बरोबर दोरा देत नाही."

"दुकानात आणा," दाजींची बायको म्हणाली.

काम मग दाजींनी कधी केलं नव्हतं अशा पद्धतीने झालं. चार मगांत चार छटा घोळवल्या. सांध्यापासून सुरुवात केली. शेजारची हॉलची फळी जशी असेल, तिच्या जवळपासची छटा खोलीच्या फळीला, पुढच्या फळीला थोडी दुसरी, आणि खोलीच्या आत जाईल तसा हात हलका. दाजींनी डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला होता. मेहुणा म्हणाला, असे दिसलात तर मुलं घाबरतील. उजव्या डोळ्याने बघताना प्रत्येक फळीपाशी त्यांचा हात अडखळायचा. एवढे रंग आपण इतकी वर्षं कुठे ठेवले होते, असं त्यांना वाटायचं, आणि एवढे सगळे बघायचे म्हणजे एकेका खोलीला आयुष्य पुरणार नाही, असंही वाटायचं. अडलं की ते मेहुण्याला विचारायचे. मेहुण्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे तो फार विचार करून उत्तर द्यायचा, आणि दोनदा चुकीचं दिलं. त्या दोन फळ्या पुन्हा घासाव्या लागल्या.

शेवटचा लॅकरचा हात वाळल्यावर बहिणींना बोलावलं. धाकट्या बाई वॉकर ढकलत हॉलमधून आपल्या खोलीत गेल्या, वळल्या, आणि परत आल्या. चाकं कुठे अडली नाहीत.

"छान झालंय," थोरल्या बाई म्हणाल्या. "अगदी हॉलसारखं."

धाकट्या बाई मात्र सांध्यापाशी थांबून दोन्हीकडे आळीपाळीने बघत होत्या. "खोली बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मला हॉलच आता वेगळा वाटायला लागलाय, ताई."

"तो होता तसाच आहे."

"असेल. पण मी तो आधी बघितलाच नव्हता."

त्यांनी दाजींकडे पाहिलं, जणू खरं काय ते दाजी सांगतील. दाजींनी रुमाल काढून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. काही क्षण जमीन एकसलग दिसली, मग फळ्या वेगळ्या झाल्या, मग पुन्हा जवळ आल्या. "बाई," ते म्हणाले, "मला विचारू नका. माझ्या बायकोने जुळलं म्हटलंय."

घरी आल्यावर बायकोने डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायची आठवण केली. दाजी म्हणाले, बघू. ती म्हणाली, बघू काय, बघायचंच तर आहे. त्यांनी बूट काढले आणि खुर्चीत बसले.

"एक डोळा राहू दे की तसा," ते म्हणाले. "थकल्यावर त्याने बघीन."

तिने फोन आणून त्यांच्या हातात दिला आणि दवाखान्याचा नंबर लावून दिला. पलीकडून कुणीतरी विचारलं, कोणता डोळा करायचा आहे. दाजींनी फोन कानाला धरूनच एक डोळा मिटला, मग दुसरा, आणि तेव्हा कुठे ते "डावा" म्हणाले.